उष्ण कटिबंधातील छोटी वन्यजीव सहल: पहाटा मोजून केलेले नियोजन

चार-पाच दिवसांची सुट्टी हाताशी असते, उष्ण कटिबंधातील एखाद्या जंगलाचे नाव मनात घोळत असते आणि नकाशा उघडला की त्या जंगलाच्या आजूबाजूला एखादा धबधबा, एखादा किनारा, आणखी एखादे अभयारण्य दिसू लागते. ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर’ हे वाक्य याच वेळी उच्चारले जाते आणि सहलीचा निम्मा वेळ गाडीत जाणार हेही तेव्हाच ठरून जाते. छोट्या वन्यजीव सहलीचा हिशेब दिवसांत मांडला तर तो हमखास चुकतो. तो पहाटांत मांडावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबावर उभ्या आहेत.

याचे कारण प्रकाशात आणि उष्णतेत आहे. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो आणि सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने संधिप्रकाश फार आखूड असतो; सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो. सकाळी नऊ-दहानंतर ऊन तापले की पक्षी गप्प होतात, सस्तन प्राणी सावलीत शिरतात आणि दुपार टळेपर्यंत जंगल रिकामे असल्यासारखे वाटते. पाहण्याजोगा वेळ म्हणजे उजाडल्यापासूनचे तीन-चार तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास, एवढाच उरतो. त्यातही सकाळ अधिक मोलाची, कारण या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी पाऊस दुपारनंतर कोसळतो आणि संध्याकाळ हिरावून घेतो.

पहाटांचा हिशेब

चार रात्रींच्या सहलीत चार पहाटा मिळतात. मध्ये एकदा मुक्काम बदलला तर त्यातली एक सामान बांधण्यात आणि प्रवासात जाते. दोनदा बदलला तर दोनच उरतात. पहिल्या दिवशी मध्यरात्री पोहोचणारे विमान घेतले तर पहिली पहाटही नावापुरतीच राहते. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी कागदावर फक्त पहाटा लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर त्या वेळी आपण नेमके कोठे असू ते लिहावे. ज्या पहाटेसमोर ‘रस्त्यात’ किंवा ‘विमानतळावर’ असे लिहावे लागेल, ती गेली असे समजावे.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यात वेळ वाया जातो हा समजही सोडून द्यावा. पेरूमधील तांबोपाता भागात मकाव पोपट नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर माती खायला जमतात आणि ते पाहण्यासाठी लोक दुरून येतात. पण सकाळी पाऊस असला तर ते सहसा येत नाहीत. ज्याच्या गाठीशी एकच पहाट आहे, तो रिकामा कडा पाहून परततो. ज्याच्याकडे तीन आहेत, त्याला पावसाची फारशी धास्ती नसते. शिवाय पहिल्या दिवशी अनोळखी वाटणारी पायवाट तिसऱ्या दिवशी ओळखीची होते, आणि कोणत्या झाडावर फळे पिकली आहेत किंवा कोणत्या वळणावर कसला आवाज येतो हे कळू लागते.

चार रात्री असतील तर एकच ठिकाण ठरवावे. सहा रात्री असतील तर दोन ठिकाणे चालतील, पण दोन्हींचा अधिवास खरोखर वेगळा असेल तरच. सपाटीवरच्या एका जंगलातून तशाच दुसऱ्या जंगलात जाण्याने फारसे काही हाती लागत नाही. उंची बदलली तर मात्र प्राणी-पक्षी आणि झाडे दोन्ही बदलतात. दर हजार मीटर चढणीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यामुळे किनाऱ्यालगतचे दमट जंगल आणि दीड हजार मीटरवरचे ढगांनी वेढलेले जंगल यांत दोन-तीन तासांच्या प्रवासाने वेगळीच सृष्टी दिसते. असा प्रवास करायचा असेल तर तो दुपारी करावा, कारण दुपार तशीही फारशी उपयोगी नसते.

आधी प्राणी, मग महिना, मग ठिकाण

बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि सुट्टी मिळेल त्या महिन्यात जातात. क्रम उलटा असावा. आपल्याला मुख्यतः काय पाहायचे आहे हे एका वाक्यात लिहावे, त्यासाठी कोणता हंगाम योग्य ते शोधावे आणि त्या हंगामात ते कोठे दिसते यावरून ठिकाण निवडावे. सुट्टीचा महिना पक्का असेल तर प्रश्न असा विचारावा की या महिन्यात उष्ण कटिबंधाच्या कोणत्या भागात काय उत्तम दिसते. उत्तर मिळतेच, कारण एका ठिकाणी पावसाळा असतो तेव्हा दुसरीकडे कोरडे दिवस असतात.

‘कोरडा हंगाम चांगला, पावसाळा वाईट’ हा ठोकताळा अर्धाच खरा आहे. मोठे सस्तन प्राणी पाहायचे असतील तर कोरड्या हंगामाचा उत्तरार्ध उत्तम, कारण पाणवठे आटत जातात, झाडांची पाने झडून नजर लांबवर पोहोचते आणि प्राणी उरलेल्या पाण्याकडे येतात. श्रीलंकेतील मिन्नेरिया तलावाचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागे सरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी शेकडो हत्ती तेथे एकत्र येतात. ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात पुराचे पाणी ओसरल्यावर, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, नदीकाठावर जग्वार दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. बेडूक, कीटक, आमरी (ऑर्किड) आणि अळंब्या यांचे वेड असणाऱ्याने मात्र पावसाच्या सुरुवातीलाच जावे. दाट वर्षावनात तर पावसापेक्षा फळांचा हंगाम महत्त्वाचा ठरतो: वड-उंबराच्या कुळातले एखादे मोठे झाड फळांनी लगडले असेल तर धनेश, हरियल, माकडे आणि रात्री वटवाघळे असे सगळे एकाच झाडावर येतात. अशा झाडाखाली अर्धा दिवस बसून राहणे हे पाच किलोमीटर चालण्यापेक्षा कितीतरी फलदायी असते.

हवामानाची माहिती देशाच्या नावाने पाहू नये, त्या ठिकाणाच्या नावाने पाहावी. कोस्टा रिकामध्ये पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडे असते, तर कॅरिबियन बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यातल्या त्यात उघडीप मिळते. त्याच बाजूच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर हिरवी सागरी कासवे मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरदरम्यान अंडी घालायला येतात. देशाचा ‘सर्वोत्तम हंगाम’ पाहून जानेवारीचे तिकीट काढणाऱ्याची आणि या कासवांची गाठ पडणे कठीण.

काही उद्याने वर्षातून ठरावीक काळ बंद असतात, भारतातील अनेक व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र जसे पावसाळ्यात बंद असते. काहींना आठवड्यातील सुट्टीचा वारही असतो. हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहावे. पहाटांच्या कागदावर बंद दिवसाची पहाट सापडली तर तारखा तेव्हाच हलवाव्यात.

मुक्काम: खोलीपेक्षा अंतर

मुक्कामाची जागा निवडताना छायाचित्रांतील पोहण्याचा तलाव आणि पलंग यांकडे दुर्लक्ष करून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे जंगलाच्या प्रवेशद्वारापासूनचे किंवा होडीच्या धक्क्यापासूनचे अंतर, आणि तेही किलोमीटरमध्ये नाही तर पहाटेच्या अंधारात त्या रस्त्याने लागणाऱ्या मिनिटांमध्ये. दुसरी म्हणजे मुक्कामाच्या आवारातच जंगल आहे का. आवारात मोठी झाडे आणि पायवाट असेल तर दुपारीही काही ना काही दिसत राहते आणि रात्री वेगळा प्रवास न करता फेरी मारता येते. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माझ्या दृष्टीने तीच खरी कसोटी आहे: आरक्षणापूर्वी पत्र पाठवून विचारावे की पहाटे पाच वाजता चहा-कॉफी मिळेल का आणि नाश्ता नऊनंतर किंवा डब्यात बांधून मिळेल का. ज्यांच्याकडे निसर्ग पाहायला येणारी माणसे नेहमी उतरतात, ते एका ओळीत होकार कळवतात. ‘नाश्ता सात ते नऊ, भोजनगृहातच’ असे उत्तर आले तर दुसरी जागा शोधावी, कारण सात ते नऊ हीच वेळ आपण भोजनगृहात घालवू शकत नाही.

वाटाड्या आणि परवाने

वर्षावनात जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश एक-दोन टक्केच असतो आणि बहुतेक जीवसृष्टी डोक्यावर तीस-चाळीस मीटर उंचीच्या छतात वावरते. अशा ठिकाणी नवख्या माणसाला दोन तासांत पाने आणि चिखल यांखेरीज काही दिसत नाही, तर जाणकार वाटाड्याला त्याच वाटेवर झोपलेला साप, पानाखाली दडलेले वटवाघूळ आणि दूरवरून येणारी हाक असे बरेच काही सापडते. पैसे मर्यादित असतील तर खोली साधी घ्यावी, पण वाटाड्या चांगला घ्यावा. त्याला आधी तीन प्रश्न विचारावेत: एका गटात किती माणसे असतात, त्याच्याकडे दुर्बीण किंवा तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असते का, आणि त्याला आवाजावरून पक्षी ओळखता येतात का. अरुंद पायवाटेवर सहापेक्षा जास्त माणसे असली तर शेवटच्या दोघांना फक्त पुढच्याची पाठ दिसते.

आपली अपेक्षाही त्याला स्पष्ट सांगावी. ‘वाघ दाखवलाच पाहिजे’ असा आग्रह धरणारे आणि तो दिसला तरच बक्षिसी देणारे पर्यटक असतात, म्हणूनच एका प्राण्याभोवती वीस गाड्या गोळा होतात. दिसेल ते निवांतपणे पाहायचे आहे असे सांगितले की वाटाड्याही मोकळा होतो आणि त्याला स्वतःला आवडणाऱ्या गोष्टी दाखवू लागतो.

काही ठिकाणी परवाना आणि वाटाड्या सक्तीचे असतात. युगांडातील ब्विंडी आणि रवांडातील व्होल्केनोज उद्यानात गोरिला पाहायला एका गटात आठच पर्यटक नेतात, त्यांच्यासोबत थांबण्याची मुदत एक तास असते आणि पंधरा वर्षांखालील मुलांना परवानगी नसते. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात रात्री परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि छायाचित्रणाला मनाई असते. असे परवाने आधी मिळवावेत, विमानाची तिकिटे नंतर काढावीत.

आरोग्याची तयारी

निघण्यापूर्वी सहा आठवडे प्रवास-आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटावे, कारण काही गोष्टींना वेळ द्यावाच लागतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या सगळीकडे लागत नाहीत, पण जेथे लागतात तेथे त्या प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात: एका प्रकारच्या गोळ्या आठवडाभर, तर दुसऱ्या चार आठवडे. यांपैकी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हात लवकर भाजते, हे उष्ण कटिबंधात जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावे.

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो आणि डेंग्यूचा दिवसा, म्हणून ‘रात्री मच्छरदाणी लावली की झाले’ हे पुरेसे नाही. वीस ते तीस टक्के डीट किंवा वीस टक्के पिकारिडिन असलेले डास पळवणारे मलम उघड्या त्वचेवर लावावे. आधी उन्हाचे मलम, ते मुरल्यावर डासांचे, हा क्रम पाळावा. डीट प्लास्टिक आणि कृत्रिम रबर खराब करते, तेव्हा हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला लावू नयेत.

जळवांची भीती त्यांच्या उपद्रवापेक्षा मोठी असते. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे पँटवरून चढवले की बहुतेक जळवा बाहेरच राहतात. एखादी चिकटलीच तर मीठ टाकू नये, चटका देऊ नये किंवा ओढूनही काढू नये. तिच्या बारीक टोकाशी नख सरकवून तोंडाची पकड सोडवावी, मग दुसरे टोक सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याने जखम बराच वेळ झिरपत राहते. स्वच्छ धुऊन पट्टी लावावी, एवढेच. सापांच्या बाबतीत पाय कोठे ठेवतो आणि हात कशाला टेकवतो याकडे लक्ष असणे हाच मुख्य उपाय होय. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चीर देणे किंवा रक्त शोषणे यांपैकी काहीही न करता, दंश झालेला अवयव न हलवता लगेच रुग्णालय गाठावे. म्हणून जवळचे मोठे रुग्णालय किती तासांवर आहे, हे मुक्काम ठरवतानाच विचारून घ्यावे आणि आपला प्रवास विमा तेथून हलवण्याचा खर्च देतो का हे तपासावे.

सामान

कपडे कमी आणि लवकर वाळणारे न्यावेत. जीन्स एकदा भिजली की सहल संपेपर्यंत वाळत नाही. रंग मातकट किंवा फिकट हिरवा असावा. पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, चिखलात चालणारे बूट, हलका रेनकोट, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि डोक्याला बांधायचा टॉर्च एवढ्यात भागते. डोंगराळ जंगलात जायचे असेल तर एक उबदार कपडा जरूर घ्यावा.

दुर्बिणीच्या निवडीवर थोडा वेळ घालवावा, कारण प्रत्येकाकडे स्वतःची असणे आवश्यक आहे. दोघांत एक असली की पक्षी नेहमी दुसऱ्याच्या पाळीला उडतो. ८ बाय ४२ हे माप जंगलासाठी उत्तम. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ८ बाय ४२ मध्ये ती ५ मिलिमीटरहून थोडी जास्त, तर खिशात मावणाऱ्या १० बाय २५ मध्ये अडीच मिलिमीटर. भर उन्हात हा फरक जाणवत नाही, पण पहाटेच्या झाडोऱ्यात डोळ्याची बाहुली विस्फारलेली असते आणि लहान दुर्बिणीतून पक्ष्याची फक्त काळी आकृती दिसते.

वातानुकूलित खोलीतून दुर्बीण किंवा कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की थंड भिंगावर लगेच धुके धरते. पुसले की पुन्हा धरते, आणि नेमक्या पहिल्या वीस मिनिटांत काही दिसत नाही. रात्री ही उपकरणे बंद पिशवीत घालून खोलीच्या सर्वांत उबदार कोपऱ्यात ठेवावीत आणि निघण्याच्या अर्धा तास आधी पिशवी न उघडता बाहेर आणून ठेवावी. पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या म्हणजे भिंगांना बुरशी लागण्याचा धोकाही कमी होतो.

प्रत्यक्ष चार रात्री

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे आणि संध्याकाळी मुक्कामाच्या आसपासच हळू फिरावे. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी वाटाड्यासह मुख्य पायवाटेवर जावे, दुपारी झोपावे आणि संध्याकाळी पाण्याकडे जावे. होडी उपलब्ध असेल तर ती संध्याकाळीच घ्यावी: बोर्निओतील किनाबातांगान नदीवर लांब नाकाची प्रोबोसिस माकडे दुपार कलली की झोपण्यासाठी काठावरच्या झाडांवर येतात, आणि इंजिन बंद करून काठाशी थांबले तर नराचा नाकातून येणारा भोंग्यासारखा आवाज, पिलांची भांडणे आणि फांदीवरून फांदीवर पडणाऱ्या जड शरीरांचा धपका असे सारे होडीतूनच ऐकू येते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच पायवाट घ्यावी, शक्यतो कमी चालून आणि जास्त थांबून. चौथ्या दिवशीची पहाट निरीक्षण मनोऱ्यासाठी किंवा झाडांमधल्या झुलत्या पुलासाठी ठेवावी. जमिनीवरून मान दुखेपर्यंत वर पाहिलेले पक्षी तेथे डोळ्यांच्या पातळीवर दिसतात. पाचव्या दिवशीची पहाट आवारातच काढावी, आणि परतीचे विमान दुपारनंतरचे असावे, कारण पावसात रस्ता किंवा होडी केव्हाही रखडू शकते. हिशेबातल्या चारही पहाटा अशा पदरात पडतात.

एक रात्र फेरीसाठी राखावी. टॉर्च हातात खाली न धरता डोळ्यांच्या रेषेत धरला तर निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांतील परावर्तक थरामुळे ते दुरून चमकतात. पानांत दवबिंदूसारखे लुकलुकणारे ठिपके बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. प्राणी सापडल्यावर झोत त्याच्या डोळ्यांवरून लगेच बाजूला घ्यावा.

अंतर राखण्याचा साधा निकष असा की आपल्यामुळे प्राण्याने हातातले काम थांबवले तर आपण फार जवळ आलो. खाऊ घालणे, हाक मारणे, रेकॉर्ड केलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजवून पक्ष्याला बोलावणे हे टाळावे. स्लॉथ या झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याला कडेवर घेऊन छायाचित्र काढू देणारी किंवा वन्यप्राण्यांना हाताळू देणारी ‘बचाव केंद्रे’ पूर्णपणे टाळावीत. बेडकांना हात लावू नये: त्यांची त्वचा श्वसनही करते, आणि आपल्या हातावरचे मलम तिच्यातून आत शिरते. एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवावेत, कारण बेडकांच्या अनेक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातूनही पसरते. कोस्टा रिकाच्या मोंतेव्हेर्देमधील सोनेरी भेक १९८९ नंतर कोणालाही दिसलेला नाही, आणि त्याच्या नाहीसे होण्यामागे ही बुरशी असल्याचे मानले जाते.

परतल्यानंतर

दुर्मिळ प्राण्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना त्यांतील स्थळाची नोंद काढून टाकावी. शिकारी आणि तस्करही ती पाहतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केल्यास धोक्यात असलेल्या जातींचे नेमके स्थान आपोआप झाकले जाते, म्हणून नोंदींसाठी ते सोयीचे आहे. हिवतापाच्या गोळ्या सुरू असतील तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्याव्यात. हिवताप डास चावल्यानंतर साधारण आठवड्याने किंवा त्यानंतर केव्हाही, आणि त्याचे काही प्रकार तर कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतात, तेव्हा परतल्यावर वर्षभरात ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता कोणत्या भागात, कोणत्या तारखांना गेलो होतो ते सांगावे.